पहिली थापी

घराचा इतिहास एका पानात लिहून द्या, असं मुलानं मला सांगितलं. आमच्या बालाघाटच्या घराच्या पुढच्या चार खोल्या तो जंगल पाहायला येणाऱ्या लोकांना मुक्कामासाठी देणार होता. ओट्यावर वेताच्या खुर्च्या आल्या होत्या, कमानींखाली पितळी दिवे लागले होते आणि दाराशेजारी काचेच्या चौकटीत ते पान लागायचं होतं.

"जास्त भारी नका लिहू, बाबा," तो म्हणाला. "लोक चाय पिता पिता वाचतात. अन् ते अंग्रेज इंजिनिअरवाली बात ऊपरच टाकजा."

इंग्रज इंजिनिअर कधी नव्हता. घराबद्दल आम्ही सांगितलेलं हे पहिलं खोटं, आणि ते माझं नाही, वाडवडिलांचं आहे. दुसरं माझं आहे. या घराची पश्चिमेची भिंत पडली, तिचा दोष गावानं एका मिस्त्रीवर ठेवला. तो मिस्त्री त्या दोषासकट मेला. दोष माझा होता आणि त्याच्यावर तो मीच टाकला होता. माझं वय आता ऐंशीच्या पुढे आहे. हे सगळं एका पानात बसत नाही, म्हणून माझ्या आठवणींच्या या पुस्तकात लिहितो.

आजोबा तिरोडीच्या मँगनीजच्या खाणीवर हजेरी कारकून होते. घर बांधून होत आलं तेव्हा खाणीचा इंग्रज साहेब एकदा रस्त्यानं जाताना गाडी थांबवून खाली उतरला, मधल्या कमानीखाली उभा राहिला आणि छान आहे म्हणून निघून गेला. एवढंच घडलं. पुढे घरात साहेबानं नकाशाची तारीफ केली असं सांगू लागले, मग साहेबानं नकाशा सुधारून दिला असं, आणि माझ्या लहानपणी तर सगळा नकाशाच साहेबानं काढलेला होता.

खरा नकाशा कागदावर कधी उतरलाच नाही. राजेगावकडच्या एका मिस्त्रीनं तो जमिनीवर राखेनं आखला. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. वडील सांगायचे की त्यानं आजोबांना त्या राखेच्या रेघांमधून दोन दिवस चालायला लावलं. इथून आत या, इथे बसा, इथे हात धुवायला उठा. जिथे आजोबांचा खांदा रेघेबाहेर गेला तिथे त्यानं पायानं रेघ पुसली आणि हातभर सरकवून पुन्हा काढली. आमच्या घरात आजही अंधारात चालताना कोणाचा खांदा दाराला लागत नाही. याचं श्रेय आम्ही साहेबाला देत आलो.

विटा वैनगंगेच्या काठच्या गाळाच्या, हातानं पाडलेल्या, धानाच्या तुसात भाजलेल्या. त्यामुळे एकीचा रंग दुसरीला मिळत नाही. काही केशरी, काही जांभळाच्या रंगाच्या. मिस्त्री दोन विटा एकमेकींवर वाजवून ऐके आणि वेगवेगळ्या ढिगात ठेवी. सगळ्यात काळपट, टणटण वाजणाऱ्या विटा त्यानं कमानींना लावल्या. भिंती दीड हात जाड. चुना आणि सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, बैलाच्या घाण्यात मळलेली, त्यात गूळ आणि बेहड्याचं पाणी. छपराच्या कवेलूंच्या खाली विटांचे कोपरे बाहेर काढून केलेली दातेरी पट्टी घराला चारी बाजूंनी फिरते. मुलानं दुरुस्तीसाठी बोलावलेली नागपूरची आर्किटेक्ट पोरगी त्या पट्टीकडे मान वर करून इतका वेळ पाहत राहिली की मला वाटलं तिच्या मानेला रग लागेल.

आणि भोकं. जमिनीपासून वीतभर उंचीवर, दर चार हातांवर, एक वीट अर्धी सोडलेली. पश्चिमेच्या भिंतीत त्याहूनही दाट, कारण पाऊस त्या बाजूनं येतो. घरात आम्ही त्यांना उंदरांच्या खिडक्या म्हणायचो. ती कशासाठी आहेत हे आमच्यापैकी कोणी त्याला विचारलं नाही.

तो महार होता. घर उभं राहीपर्यंत तो त्याच्या प्रत्येक खोलीत, देवघरात, स्वयंपाकघरात, माळ्यावर वावरला. वास्तुशांतीच्या दिवशी त्याला कपडे आणि नारळ दिला तो ओट्याच्या खालच्या पायरीवर. त्यानंतर तो घरात आला नाही, म्हणजे येऊ दिला नाही. वडील हे सांगायचे तेव्हा त्यांना त्यात काही खटकत नसे. "आबानं चांगला धोतरजोडा देल्ला होता त्याले," असं ते सांगायचे.

मिस्त्रीच्या मुलानं बापाचाच धंदा धरला. तोवर ती मंडळी बौद्ध झाली होती. मी तेव्हा तिशीत, एका सरकारी खात्यात ओव्हरसिअर, हातात डिप्लोमा, सायकलच्या जागी नवी मोटरसायकल. हा मिस्त्री, ज्याच्यावर पुढे दोष गेला, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा. पश्चिमेच्या भिंतीला आतून ओल येत होती, म्हणून मी त्याला बोलावलं आणि बोलावल्यावर पहिल्यांदा घरात बसवून आमच्याच कपात चहा दिला. वडील तोंड फिरवून बाहेर गेले. त्या एका कपाचा मला पुढे अनेक वर्षं अभिमान होता. आपण कर्ज फेडून टाकलं, असं मला वाटायचं.

मी त्याला सांगितलं की भिंतीचा चुना कंबरेच्या उंचीपर्यंत खरवडायचा, त्यावर सिमेंटचा जाड गिलावा करायचा आणि ती भोकं सिमेंटनं बुजवायची.

"साहेब, भोकं नका बुजवू," तो म्हणाला.

"काहून? उंदीर पोसाचे हायेत का?"

"माया बाबानं ठेवले हायेत ते. चुन्याची भित पानी पेते, साहेब. तिले सोडाले बी जागा लागते. सिमेंट लावलं तं पानी आतच राहीन अन् वर चढन."

"तुमच्या बाबाच्या टायमाले सिमेंट नोतं, मिस्त्री."

"हौ, नोतं," तो म्हणाला. "म्हनून तं भित उभी हाये."

माल कालवणाऱ्या बाया हसल्या. मला ते लागलं. मी म्हणालो, हे मी शिकून आलो आहे, तुम्ही फक्त करा.

त्यांच्या घरात बापापासून चालत आलेली एक रीत होती. मालकानं हट्टानं एखादं काम करायला लावलं आणि मिस्त्रीला ते पटलं नाही, तर तो भांडत नसे. थापी मालकाच्या हातात देई. पहिला माल मालकानं स्वतः लावायचा आणि ओल्या मालावर आपला पंजा दाबायचा. मग बाकीचं काम मिस्त्री निमूट करून टाकी, आणि पुढे काही बिघडलं तर पंजा कोणाचा हे दोघांनाही माहीत असे. लिहिता न येणाऱ्या माणसाचा तो करारनामा होता.

"घ्या," त्यानं थापी पुढे केली. "पयली थापी तुमची."

मला गंमत वाटली. पावसाच्या पाण्याचा लोखंडी ड्रम ठेवायचो त्या जागी, भिंतीतल्या पहिल्या भोकात मी माल भरला, वरून सारखा केला आणि हात दाबला. माझी उजवी करंगळी लहानपणी कबड्डी खेळताना मोडली, ती तेव्हापासून बाहेरच्या बाजूला वाकडी आहे. ती तशीच उमटली.

"चांगलं झालं," मिस्त्री वाकून पाहत म्हणाला. "दुसऱ्या कोनाचा हाये, असं कोनी म्हननार नाही."

पहिल्या वर्षी भिंत कोरडी राहिली आणि मी चार लोकांना नेऊन दाखवली. दुसऱ्या पावसाळ्यात सिमेंटच्या पट्टीच्या वर हातभर ओल दिसली. मी वरून रंग दिला. चौथ्या वर्षी बोटानं खरवडलं की वीट पिठासारखी खाली येऊ लागली. तेव्हाच सिमेंट उतरवलं असतं तर भिंत वाचली असती. पण उतरवायला त्यालाच बोलवावं लागलं असतं. पाचव्या पावसाळ्यात एका दुपारी खिडकीची कमान खाली बसली आणि तिच्यासोबत दोन खाटांएवढी भिंत बाहेर पडली. वडील पलीकडच्या खोलीत जेवत होते. कोणाला लागलं नाही. कोनाड्यातला त्यांचा रेडिओ तेवढा गेला.

मोहल्ला जमा झाला. त्यात माझ्या खात्यातले दोघं होते. वडील खरकट्या हातानं बाहेर आले आणि सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, "कोनं केलतं हे काम?"

खात्यातले दोघं माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो, "मिस्त्रीनं माल हलका लावला."

"मले वाटलंच," वडील म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तो आला. त्याच्या कानावर गेलं होतं. ओट्यासमोर उभा राहून तो वडिलांना म्हणाला, "मालक, मले काही मांगाचं नाही. तो ड्रम तेवढा सरकवा अन् मांगं पाहा."

"तुया म्हनन्यानं मी ड्रम सरकवत बसू का आता?"

"ड्रमच्या मांगं नागमणी ठेवला का बे?" शेजारचे एक जण म्हणाले आणि सगळे हसले.

तो हसणाऱ्यांकडे वळला नाही. माझ्याकडे पाहून म्हणाला, "साहेब, तुमी सांगा."

मी म्हणालो, "उद्या पाहू."

दुसऱ्या दिवशी सकाळी, वडील पूजेला बसले असताना, मी ड्रम ओढला. पाटीत मूठभर सिमेंट कालवलं आणि माझ्या पंज्यावर दुसरा थर चढवला. वरून नीट गुळगुळीत केला, डिप्लोमावाल्याला शोभेल असा. ड्रम परत जागेवर ठेवला नाही. उलट वडिलांना म्हणालो, त्याला येऊ द्या, पाहू द्या.

तो दुपारी आला. वडील आणि चार शेजारी उभे होते. भिंतीवर काही नव्हतं. तो खाली बसला, त्या जागेवर त्यानं पंजा टेकवला आणि थोडा वेळ तसाच ठेवला.

"ओला हाये," तो म्हणाला.

ते फक्त मला आणि त्याला कळलं. तो उठला, हात पायजम्याला पुसला आणि गेला. शेजाऱ्यांना वाटलं, मिस्त्री काहीतरी बडबडला.

गावानं त्याला भितपाड्या मिस्त्री हे नाव दिलं. वारासिवनीच्या एका धान गिरणीच्या गोदामाचं काम त्याला मिळणार होतं, ते दुसऱ्याकडे गेलं. आमच्या खात्यात त्याच्याबद्दल विचारणा झाली तेव्हा मी काही बोललो नाही, आणि न बोलणं पुरेसं होतं. पुढे तो गोंदियाकडच्या वीटभट्टीवर विटा भरायला जाऊ लागला. ज्याच्या बापानं विटांचा आवाज ऐकून कमानी बांधल्या, तो ट्रकमध्ये विटा मोजून टाकू लागला. एकदा बस स्टँडजवळ समोर आला. "जय भीम, साहेब," म्हणाला. मी चपलांच्या दुकानाकडे पाहत राहिलो. तो वारल्याचं मला कळलं ते महिन्यानंतर.

हे सगळं मी विसरलो होतो असं लिहिणं सोपं आहे. विसरलो नव्हतो. मुलगा मोठा झाला, भिंत का पडली होती असं त्यानं विचारलं, तेव्हा त्यालाही मी तेच सांगितलं.

अलीकडे मुलानं घर दुरुस्तीला काढलं. आर्किटेक्टनं उरलेल्या भिंतीचं सिमेंट काढायला लावलं. "विटा चांगल्या आहेत, चुना चांगला आहे," ती म्हणाली. "घात केला तो या सिमेंटच्या पट्टीनं. आणि हवेची भोकं होती इथे, तीसुद्धा बुजवलीत. कोणी केलं हे?"

"कोई पुराना मिस्त्री था," मुलगा म्हणाला. "बाबा सांगतात ना, त्याच्याच कारण भिंत गिरली होती."

मी खुर्चीवर बसलो होतो. कामगारानं ड्रमच्या जागेवर छिन्नी मारली आणि वरचा थर भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटून आला. खाली पंजा होता.

"अरे, ये देखो," मुलगा खूश झाला. "मिस्त्री का हाथ. याले तं फ्रेमच करून टाकू. गेस्ट लोकांले आवडन."

"करंगळी वाकडी आहे," आर्किटेक्ट वाकून म्हणाली.

माझा उजवा हात काठीवर होता. तो मी सदऱ्याच्या खिशात घातला. "त्याचाच असेल," मी म्हणालो.

पहिल्या वेळी मी तिशीत होतो, नोकरी होती, समोर खात्यातली माणसं होती. या वेळी समोर माझा मुलगा आणि एक अनोळखी पोरगी होती. मला कशाची भीती वाटली, ते अजून सांगता येत नाही. एवढं कळलं की त्या वेळचं खोटं घाईत बोललं गेलं अशी मी स्वतःची जी समजूत घालत आलो, तीही खोटी होती.

चार दिवसांनी मी गोंदियाच्या बसनं राजेगावला गेलो. मिस्त्रीची मुलगी तिथे राहते. शाळेत शिकवून निवृत्त झाली आहे. मी नमस्कार म्हणालो, ती जय भीम म्हणाली आणि अंगणात खुर्ची ठेवली. मी सगळं सांगितलं. तिनं मध्ये एकदाही थांबवलं नाही. सांगून झाल्यावर मी म्हणालो, "बाई, तुम्हाले हे मालूम असावं म्हणून आलो."

"मले मालूम होतं," ती म्हणाली. "आमच्या घरात सगळ्याइले मालूम होतं. बाबा तुमचं नाव घेत नोते. पन घरात कोनी खोटं बोललं का ते म्हनत, ओला हाये. आमी पोरं बी मंग तसंच म्हनत जाऊ. अजून म्हनतो." मग ती म्हणाली, "शाळेत पोरी माया संग भितीले टेकून बसत नोत्या. म्हनत, इचा बाप आला तं भित पडन. त्या पोरी ते हासून सांगत. त्याइले सांगा ना तुमी. मले सांगून काय फायदा?"

"मी लिहून ठेवतो आहे. त्यात त्यांचं नाव देतो. पुस्तकात येईल."

"पुस्तकात नको. पुस्तक तुमचं. वाचनारा म्हनन, पाहा किती मोठ्या मनाचा मानूस. माया बाबाचं नाव तुमच्या भितीवर लावा, रस्त्यावरून दिसन असं. पुस्तकात त्याइचं नाव घेऊ नका."

म्हणून इथे ते नाव नाही.

मुलाला सगळं सांगितलं आणि तीन ओळींची पाटी लावायची म्हणालो, तेव्हा तो बराच वेळ माझ्या करंगळीकडे पाहत होता. मग म्हणाला, "ठीक है, बाबा. दोन लाइन लावू. घर कोणी बनवलं, रिपेअर कोणी केलं. पण तिसरी कशाला? गेस्ट लोक काय म्हणतील?" घर माझ्या नावावर आहे आणि मुक्कामाच्या परवान्यासाठी माझी सही लागत होती. तिसरी ओळ लागेपर्यंत मी सही केली नाही. भाजलेल्या मातीच्या पाटीवर, ओट्याच्या त्याच खालच्या पायरीशेजारी, तीन ओळी लागल्या. हे घर अमुक मिस्त्रीनं आखलं आणि बांधलं. त्याचा मुलगा अमुक मिस्त्री, त्यानं सांगितलं तसं केलं असतं तर पश्चिमेची भिंत पडली नसती. त्याचं न ऐकता भोकं बुजवणारा आणि दोष त्याच्यावर टाकणारा, अमुक. तिथे माझं पूर्ण नाव.

पाटी लागल्याचं कळवलं तेव्हा ती एका दुपारी आली. मुलगा पुढे झाला. "आओ ना मावशी, अंदर आओ."

ती आत आली नाही. आधी पश्चिमेच्या भिंतीकडे गेली, खाली बसून एका मोकळ्या भोकात तिनं बोट घातलं, मग दुसऱ्यात. परत येऊन पाटी वाचली. दोनदा वाचली.

"हे तुमचं नाव इथं काहून?" तिनं विचारलं.

"केलं मीच म्हणून."

"माया आजा, माया बाबा, अन् त्याइच्या खाली तुमी. कोनी लांबून पाह्यलं तं वाटन, तिघाइनं मिळून घर बांधलं. काढा ते. दुसरीकडे लावा कुठंबी."

 तिसऱ्या ओळीपायी मी महिनाभर मुलाशी भांडलो होतो. त्या दोघांच्या खाली आपलं नाव लागलं की काहीतरी पुरं होईल, असं मी धरून चाललो होतो. त्या पायरीपाशी उभं राहायची जागा तिनं मला दिली नाही, आणि ते बरोबर होतं. ती साडेतीनच्या बसनं गेली.

पाटी कापून तिसरी ओळ वेगळी करावी लागली. आता ती मागच्या भिंतीवर, मोरीच्या वर आहे. तिच्याखाली भिंतीतून काढलेला माझ्या पंज्याचा तुकडा बसवला आहे. पाहुणे पुढच्या दोन ओळींचे फोटो काढतात. मुलाच्या फोनवरच्या जाहिरातीत मात्र अजून इंग्रज इंजिनिअरच आहे. सांगितलं की म्हणतो, बदलून टाकतो.

मागच्या बाजूला पाहुण्यांचे टॉवेल वाळत घालायची दोरी आहे. एक टॉवेल नेमका त्या ओळीवर येतो. मी रोज सकाळी जाऊन तो बाजूला सरकवतो. दुपारपर्यंत कोणीतरी परत तिथेच टाकलेला असतो.